पवई तलावावर कॅमेरा घेऊन जायचंय? मग पाण्यासोबत टॉवरही येऊ द्या फ्रेममध्ये

नवीन कॅमेरा घेतलाय, मुंबईत कुठे जाऊ, असं दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच आणि मी दरवेळी पवई सांगतो. समोरचा जरा हिरमुसतो कारण त्याला भिगवण किंवा माळशेज असं काहीतरी ऐकायचं असतं. पण भिगवणला तुम्ही वर्षातून एकदा जाणार आणि पवईला मनात आणलं तर दर रविवारी जाऊन नऊ वाजता घरी पोहे खायला परत. फोटोग्राफी सुधारते ती दर रविवारवाल्या जागेवर, वर्षातून एकदावाल्या जागेवर नाही, हे माझं मत आहे आणि त्यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे.

दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. पवईला येणारे नव्वद टक्के लोक असा फोटो काढायला बघतात की त्यात मुंबई दिसू नये. टॉवर क्रॉप, क्रेन क्रॉप, मेट्रोचे खांब क्रॉप, राहिलेल्या दीड इंचात एक बगळा. अरे मग तो बगळा कुठल्याही डबक्यावर मिळेल की. पवईची मजाच ही आहे की एकाच फ्रेममध्ये मगर, जलपर्णी आणि चाळीस लाखांची गाडी येते, तेव्हा शहर कापायचं नाही, शहर कसं बसवायचं ते शिकायचं.

थोडं जागेबद्दल, कारण उभं कुठे राहायचं ते यावरच ठरतं

तलाव नैसर्गिक नाही, इंग्रजांच्या काळात बांध घालून केलेला आहे, १८९०-९१ चा. शेजारचे विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे त्याचे थोरले भाऊ, ते अजून मुंबईला प्यायचं पाणी देतात. पवईचं पाणी मात्र प्यायलायक राहिलं नाही, ते कारखान्यांना आणि आरे कॉलनीला बिगर-पिण्याच्या वापराला जातं. पूर्ण भरला की महापालिकेच्या हिशेबाने ५४५ कोटी लिटर पाणी आणि साधारण सव्वादोन चौरस किलोमीटरचा पसारा. भरून वाहायला लागला की ते पाणी मिठी नदीत. कधी जूनमध्येच भरतो, कधी जुलै उजाडतो, पेपरात बातमी येतेच, त्यावर लक्ष ठेवा.

तलावाच्या दक्षिण काठाने जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड (जेव्हीएलआर) जातो आणि त्यालाच लागून चालायचा कट्टा आहे. उत्तरेकडे आणि पूर्वेकडे आयआयटी (संस्था १९५८ ची), मागे नॅशनल पार्कचे डोंगर. रस्त्याच्या पलीकडे हिरानंदानीचे ते खांबवाले, घुमटवाले टॉवर, जे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी उभे राहायला लागले. त्याआधी इथे दगडाच्या खाणी होत्या असं आजही जुने लोक सांगतात, आणि त्याच्याही आधी एकोणिसाव्या शतकात फ्रामजी कावसजी या पारशी शेटजींची इथे मोठी इस्टेट होती. म्हणजे ही जागा सतत कोणीतरी बदलतच आलंय, आपण फक्त आत्ताचा तुकडा टिपतोय.

आता याचा फोटोसाठी अर्थ काय. कट्ट्यावर पाण्याकडे तोंड केलं की तुम्ही उत्तरेला बघताय, म्हणजे हिवाळ्यात सूर्य दिवसभर तुमच्या पाठीशी किंवा खांद्याशी असतो आणि पक्ष्यांवर सरळ ऊन पडतं, नवशिक्याला याहून सोपं काही नाही. फक्त डिसेंबरात सूर्य इमारतींच्या मागून वर येतो, त्यामुळे कॅलेंडरमध्ये सूर्योदय सात-सव्वासातचा दिसला तरी पाण्यावर ऊन यायला वेळ लागतो, तोपर्यंत चहा घ्या. मे-जूनमध्ये गणित उलटं, सूर्य ईशान्येला उगवून वायव्येला मावळतो म्हणून सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही पाण्याच्या बाजूला मिळतात. डिसेंबरमध्ये येऊन "सनसेट दिसलाच नाही यार" म्हणणारे मी खूप पाहिलेत, तो तुमच्या मागे रस्त्यापलीकडे मावळला होता बाबा.

आणि शहर फ्रेममध्ये हवं असेल तर कट्ट्याच्या पश्चिम टोकाला, साकी विहार रोडच्या बाजूला, गणेश घाटाकडे जायचं आणि पूर्वेकडे तोंड करून उभं राहायचं. डावीकडे पाणी, उजवीकडे टॉवर, मधोमध कट्टा आणि दिव्यांचे खांब लांब जात बारीक होत गेलेले. ही जागा संध्याकाळची, कारण तेव्हा ऊन तुमच्या मागून येऊन टॉवरच्या तोंडावर पडतं. सकाळी इथे आलात तर सूर्य डोळ्यात, सिल्हुएट (उजेडासमोरची काळी आकृती) करायचं असेल तरच या.

यायचं कसं आणि कधी

सेंट्रलवाल्यांनी कांजूरमार्ग पश्चिमेला उतरून रिक्षा पकडायची, गांधीनगर जंक्शन, आयआयटीचं मेन गेट आणि मग डावीकडे-उजवीकडे न बघता थेट तलाव. वेस्टर्नवाल्यांना मेट्रो १ ने साकीनाका आणि तिथून साकी विहार रोडने रिक्षा. ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो ३ चं आरे जेव्हीएलआर स्टेशन चालू झालंय, तिथूनही रिक्षाने जमतं. मेट्रो ६ चे खांब तुमच्या डोक्यावरच उभे आहेत, तिचं एक स्टेशन पवई तलावाच्याच नावाचं आहे, ती चालू झाली की हा परिच्छेद फाडून टाका. स्वतःची गाडी आणू नका, पार्किंग शोधण्यात तो सोनेरी अर्धा तास जातो आणि मग दिवसभर चिडचिड.

रविवारी सकाळी साडेसहा ते नऊ. नऊनंतर ट्रॅफिक, धूळ, उन्हाचा चट्टा. वर्षातले माझे आवडते दोन काळ म्हणजे एक, पाऊस ओसरतानाचा सप्टेंबर-ऑक्टोबर, तेव्हा हवा धुतलेली असते आणि मागचे डोंगर अक्षरशः हाताला लागतील असे दिसतात. दुसरा डिसेंबर-जानेवारी, पक्ष्यांसाठी. पण तेव्हा हवेत ती करडी धुरकट चादर असते, डोंगर गायब होतात आणि कितीही महागडी लेन्स लावली तरी लांबचं काही कडक येत नाही. तेव्हा लांबचं काढायचंच नाही. जवळचं काढा नाहीतर धुरक्यात एकामागे एक फिकट होत जाणारे टॉवरचे थर काढा, ते फार सुंदर येतात (हवा वाईट असल्याचा एवढाच काय तो फायदा).

बॅगेत काय

कमी. खरंच कमी. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स १८-५५ आणि असेल तर लांबचं काढायला ७०-३००, बस. मोबाईलवाल्यांनी अजिबात लाजू नका, शहराच्या फ्रेमसाठी मोबाईल उत्तम आहे, फक्त बोटांनी चिमटे काढून झूम करू नका, आणि आकाशावर बोट धरून एक्सपोजर (फोटो किती उजळ यायचा ते) लॉक करून थोडं खाली ओढा म्हणजे ढग उडत नाहीत. एक जास्तीची बॅटरी, रिकामं कार्ड, जुना टॉवेल, पाण्याची बाटली, ओडोमॉस. ओडोमॉस विसरलात तर मला शिव्या घालाल, डास तिथले वेगळ्याच जातीचे आहेत. पोलरायझर (लेन्ससमोर लावायचा फिल्टर) असेल तर पाण्यावरची चमक मारायला छान, पण तो दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो, पक्षी काढताना उतरवून ठेवा. ड्रोन घरी ठेवा. एअरपोर्ट जवळ आहे, पोलिसांचे मनाई आदेश अधूनमधून असतातच, उगाच सकाळ पोलीस स्टेशनात जाईल.

पावसाळ्यात एक चूक सगळे करतात. एसी टॅक्सीतून उतरले, कॅमेरा काढला आणि समोर नुसतं पांढरं. लेन्सवर वाफ धरते. पुसत बसू नका, पुसली तरी परत धरते. उतरायच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद करायला सांगा किंवा कॅमेरा बंद बॅगेतच बाहेरच्या हवेत जरा मुरू द्या.

आणि घरून निघताना सेटिंग बघा. मी एकदा शनिवारी रात्री सोसायटीतल्या गरब्याचे फोटो आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ६४०० वर काढले आणि रविवारी पहाटे तोच आकडा ठेवून अडीच तास पवईला शूट केलं. शटर एवढं फास्ट कसं मिळतंय म्हणून खूशही होतो. घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडलं तर सगळ्या बगळ्यांना गोवर आल्यासारखे दाणे. त्या दिवशी जांभळा बगळा आख्खा सरडा गिळताना मिळाला होता, जाऊ दे.

पक्षी, आणि त्यांच्या मागची मुंबई

पाणी आहे की नाही कळत नाही इतकी जलपर्णी काही महिने असते. लोक नाक मुरडतात, आणि तलावाच्या तब्येतीसाठी ती वाईटच आहे, सांडपाणी येतं म्हणून ती माजते. पण पहिल्यांदा येणाऱ्याने नजर तिथेच ठेवायची कारण कमळपक्षी तिच्यावरच चालतो. त्याची बोटं त्याच्या अंगाच्या मानाने एवढी लांब असतात की वजन पसरतं आणि पान बुडत नाही. मागच्या हिवाळ्यात एकाला मी वीस मिनिटं बघत होतो. तो एक पाऊल टाकायचा, थांबायचा, पान उलटं करून खालचे किडे टिपायचा, परत एक पाऊल. मग वाटेत कोणाची तरी निळी रबरी चप्पल तरंगत होती, तर हा पठ्ठ्या तिच्यावर चढला, इकडेतिकडे बघितलं, चप्पल चोचीने ठोकून पाहिली, आणि उतरून पुढे गेला. त्या वीस मिनिटांतला हाच एक फोटो मी ठेवलाय.

सेटिंगचं म्हणाल तर चालणाऱ्या पक्ष्याला १/५०० सेकंदाचं शटर पुरतं, उडणाऱ्या घारीला १/१६०० तरी हवं. पांढरा बगळा काळपट-हिरव्या जलपर्णीवर असेल तर कॅमेरा गंडतो, अंधार समजून फोटो उजळ करतो आणि बगळ्याची पिसं भाजून सपाट पांढरी होतात. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (उजळपणा कमी-जास्त करायची सोय) उणे पाऊण ते उणे एक करा. याच्या उलट पाणकावळा चकचकीत पाण्यावर असेल तर अधिक करा नाहीतर नुसता कोळसा येईल. हे दोन बगळा-कावळ्याचे धडे जमले की अर्धं एक्सपोजर कळलं. बाकी खंड्या, जांभळी पाणकोंबडी, अडई, ब्राह्मणी घार हे सगळं नशिबावर, पण पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला दिसणार म्हणजे दिसणारच. तो दिसला की लगेच झूम करून तोच तो फोटो काढू नका, दोन पावलं डावी-उजवीकडे सरका, त्याच्या पसरलेल्या पंखांच्या बरोबर मागे बांधकामाची क्रेन येते का बघा. कधीकधी येते. अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) एफ ८ किंवा ११ ठेवा म्हणजे मागचं शहर पुरतं विरघळणार नाही, ओळखू येईल. मागचं सगळं लोण्यासारखं ब्लर करायची जी फॅशन आहे ना, ती इथे मला तरी पटत नाही.

मगरींबद्दल गंभीरपणे. आहेत, खऱ्या आहेत, आणि थंडीत ऊन जरा चढलं की बेटासारख्या उंचवट्यावर किंवा काठावर येऊन पडतात. पाण्यात असताना दोन डोळे आणि नाकाचं टोक एवढंच वर असतं, ओंडका समजून लोक बोट दाखवतात आणि मग ओंडका बुडतो. कट्ट्यावरून लांब लेन्सने काढायचं. कठड्याखाली, गवतात, चिखलात, "अजून जरा अँगल" साठी उतरायचं नाही म्हणजे नाही. साधारण उन्हाळ्याच्या सुरुवातीला मादी काठावर खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात, त्या काळात ती जवळच राखणीला असते. दगड मारून मगरीला हलवायला लावणारा एक तरी महाभाग दर रविवारी भेटतो, त्याला टोका, लाजू नका. याच मगरींच्या आणि पाणथळ जागेच्या मुद्द्यावर काठाने सायकल ट्रॅक करायचं महापालिकेचं काम मुंबई हायकोर्टाने मे २०२२ मध्ये बेकायदेशीर ठरवलं होतं आणि टाकलेला भराव काढायला सांगितला होता. म्हणजे काठाची एक-दोन मीटर जमीनसुद्धा इथे वादाची आहे, तिथे आपण बूट घेऊन नाचायला नको.

एक खांब धरा

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठी काहीही खर्च नाही. कट्ट्यावर एखादा दिव्याचा खांब किंवा बाक ठरवून टाका. त्याला टेकून उभं राहा, तीच लेन्स, तेच फोकल लेंग्थ म्हणजे तेवढाच झूम (मी ३५ ठेवतो), स्क्रीनवरची ग्रिड चालू करा आणि एका ठरलेल्या टॉवरचं टोक ग्रिडच्या एका रेषेला लावा. एक फोटो. बस. मग दिवसभर काय करायचं ते करा. पुढच्या महिन्यात तेच, शक्यतो त्याच वेळेला. फाईलला नाव वर्ष-महिना असं द्या म्हणजे आपोआप ओळीने लागतात.

पहिले तीन-चार महिने काहीच वाटत नाही, कंटाळा येतो. साधारण आठव्या-नवव्या महिन्यात सगळे फोटो एकामागून एक पटापट फिरवून बघा. पाणी चढतं, उतरतं, जलपर्णी हिरव्या गालिच्यासारखी येते आणि कोणीतरी मशीन लावून काढते, डोंगर दिसतो-गायब होतो, आणि उजव्या कोपऱ्यात एक बिल्डिंग हळूच दोन मजले वाढलेली असते जी तुम्ही रोज तिथून जाताना पाहिलेलीच नसते. माझ्याकडे मेट्रोचा खांब नुसत्या सळ्या असल्यापासून वर गर्डर बसेपर्यंत आहे. तेव्हा मी प्रत्येक वेळी तो खांब मध्ये येतो म्हणून वैतागायचो. खांब सोडून इतर फोटो आता मी उघडतही नाही.

संध्याकाळी थांबणार असाल तर सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटं सोडू नका. आकाश निळं असतं आणि टॉवरमधले दिवे लागलेले असतात, दोन्हींचा उजेड बरोबरीचा. ट्रायपॉड लावला की वॉचमन लोकांना तुम्ही टीव्हीवाले वाटता, म्हणून बॅग कठड्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा, आयएसओ १००, एफ ८, आठ-दहा सेकंद, आणि दोन सेकंदांचा टायमर. पण रस्त्यावरून कंटेनर गेला की कठडा हलतो, हे मला चार महिने कळलं नव्हतं, लेन्स खराब आहे म्हणून दुकानदाराशी वाद घालून आलो होतो. सिग्नल लाल झाला की बटण दाबा.

माणसं

ग्रुपने जाणार असाल तर पाच-सहा जण पुरे. पंधरा-वीस जण गळ्यात कॅमेरे घालून आले की पक्षीही पळतात आणि चालायला येणारे आजी-आजोबाही. स्वच्छतागृहाची बोंब आहे, बायका-मुली बरोबर असतील तर आधी कुठे चहा-नाश्त्याला थांबायचं ते ठरवून घ्या. कंपन्यांच्या गेटकडे आणि कॅम्पसच्या आत कॅमेरा रोखू नका, आयआयटीच्या आतून पद्मावती मंदिराच्या बाजूने तलाव फार छान दिसतो हे खरं पण कोणी आतलं ओळखीचं असेल आणि रीतसर परवानगी असेल तरच. गणपतीत घाटावर विसर्जन काढायला जाल तर माणसांचे चेहरे काढा, आरती काढा, पण दुसऱ्या दिवशी काठाला लागलेल्या मूर्तीचे जवळून फोटो काढून लाईक्स गोळा करू नका, बघणाऱ्याला वाईट वाटतं.

आणि तलावात फुगवलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकणारे लोक दिसतील. सकाळच्या धुक्यात तो फोटो कोणालाही मोह पाडेल असा असतो. लांबून एखादा काढलात ठीक आहे, पण तो माणूस काठाला आला की बोला, मासे काय मिळाले विचारा, स्क्रीनवर फोटो दाखवा आणि पुढच्या वेळी प्रिंट घेऊन जा. स्टुडिओत एवढीशी रक्कम लागते.

मी एका काकांना अशी प्रिंट नेऊन दिली होती. माझा अगदी अभिमानाचा फोटो, खाली धुकं, तराफ्यावर एवढीशी आकृती, मागे टॉवरची अख्खी रांग. त्यांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "यात मी कुठाय?" मी बोट ठेवून दाखवलं. "हा ठिपका होय," म्हणाले, आणि घडी न घालता शर्टाच्या आत सरकवला. पुढच्या रविवारी मी यायच्या आधीच ते काठावर उभे होते, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, पाण्याकडे पाठ. मी पाणी मागे यावं म्हणून त्यांना फिरवायला लागलो तर त्यांनी हातानेच थांबवलं. "तलाव नको, तो रोजचाच आहे. ती उंच बिल्डिंग येऊ दे मागे, गावाला पाठवायचाय."